चिरलेल्या भाजीची मर्यादा

पवनार हे नाव जैन वाचकाला अनोळखी नाही. जिनेंद्र वर्णी यांनी संकलित केलेला आणि १९७४ साली दिल्लीच्या संगीतीत सर्व संप्रदायांनी मान्य केलेला ‘समणसुत्तं’ हा ग्रंथ ज्यांच्या प्रेरणेने सिद्ध झाला, ते विनोबा धाम नदीकाठच्या याच आश्रमात राहत. या आश्रमाची एक हकिगत भाजीपाल्याशी निगडित आहे. ती मात्र फारशी सांगितली जात नाही. १९५० च्या सुमारास विनोबांनी येथे कांचनमुक्तीचा प्रयोग आरंभिला. पैशाचा व्यवहार शक्य तितका टाळायचा, बैलांवाचून केवळ हातांच्या अवजारांनी शेती करायची आणि आश्रमाला लागणारी भाजी आश्रमाच्या मळ्यातच पिकवायची, असा तो प्रयोग होता. त्या व्यवस्थेत भाजी टिकवण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. मळ्यापासून चुलीपर्यंतचे अंतर काही पावलांचे होते आणि भाजी खुडणे व शिजणे यांत फार तर एक-दोन तास जात.

ते अंतर वाढले की व्यापार सुरू होतो, आणि व्यापाराबरोबर नासाडीही. पवनारहून वर्धा आठ-नऊ किलोमीटर, नागपूर सुमारे सत्तर, आणि मुंबई तर राज्याच्या दुसऱ्या टोकाला. आता त्यात नवी भर पडली आहे ती निवडून, चिरून, पाकिटात घालून विकल्या जाणाऱ्या भाजीची. अखंड दुधी चार दिवस घरात पडून राहिला तरी कोणी तक्रार करीत नाही. त्याच दुधीच्या फोडी केल्या की घड्याळ निराळ्याच वेगाने चालू लागते.

जैन घरात या भाजीची गरज एका खास वाटेने येते. डिसेंबरात वर्ध्यास सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. ज्या घरात सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम आहे, त्या घरातील सून बँकेतून किंवा शाळेतून पावणेपाचला परतली, तर मटार सोलणे, गवार निवडणे, फुलकोबीतील अळी पाहणे यांसाठी तिच्याजवळ वेळ उरत नाही. पूर्वी ही कामे दुपारी सासू, जाऊ, नणंद मिळून करीत. आता घरात माणसे दोन आणि दोघेही कामावर. निवडलेल्या भाजीचे पाकीट हे अशा घराला चैनीचे वाटत नाही. नेम पाळण्याचे ते एक साधन ठरते. हे गिऱ्हाईक व्यापाऱ्याच्या नजरेतून सुटलेले नाही. किराण्याच्या जोडीला काही नवे करू पाहणाऱ्या तरुणांच्या बोलण्यात हा धंदा वारंवार येतो.

मात्र चौकशी बहुधा यंत्रापासून सुरू होते. सीलिंग मशीन कितीला मिळते, व्हॅक्यूम मशीन घेतले तर भाजी किती दिवस टिकेल, छापील पिशवी कोठे स्वस्त पडते, हे प्रश्न आधी विचारले जातात. फरसाणाच्या धंद्यात ही रीत योग्य आहे. तळलेली शेव निर्जीव असते. तिला हवा आणि ओल यांपासून तोडले की काम झाले. भाजीला तोच न्याय लावला की पहिल्याच उन्हाळ्यात भांडवल बुडते, कारण चिरलेली भाजी निर्जीव नसते.

वनस्पती सजीव आहे हे या नियतकालिकाच्या वाचकांना नव्याने पटवून द्यावे लागत नाही. विज्ञानाची त्यावरील पुस्ती एवढीच, की खुडल्यानंतरही तिचा श्वास चालूच राहतो. भाजी ऑक्सिजन घेते, साठवलेली साखर जाळते आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी व उष्णता बाहेर टाकते. पूर्वी झाड ही शिदोरी भरून काढीत असे. आता केवळ खर्च आहे, जमा नाही. शिदोरी संपली की पान पिवळे पडते, देठ मऊ होतो, चव उतरते. सुरी लागली की हा खर्च एकदम वाढतो. जखमी पेशी वेगाने श्वसन करू लागतात, आतला रस पृष्ठभागावर येतो आणि जंतूंना आयते अन्न मिळते. किसलेल्या कोबीचा श्वसनवेग मोठ्या फोडींपेक्षा जास्त असतो, कारण जखमांची लांबी अधिक. वांग्याच्या व कच्च्या केळ्याच्या फोडी काळ्या पडतात तेही याच जखमेमुळे: पेशीत वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेली दोन द्रव्ये एकत्र येतात आणि हवेतील ऑक्सिजन त्यांना रंग देतो. चिरलेली वांगी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवणारी आजी हा ऑक्सिजनच अडवीत असे.

सगळ्या भाज्यांचा श्वास सारखा नसतो. मटार, पालक, भेंडी, मशरूम, ब्रोकोली या फार वेगाने श्वसन करतात. पत्ताकोबी, दुधी, काकडी सावकाश. त्यामुळे एकच पिशवी सर्व भाज्यांना लावणे म्हणजे घरातील सर्वांना एकाच मापाचा सदरा शिवणे होय.

पाकीट काय करते, ते येथे समजून घेण्यासारखे आहे. हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो, कार्बन डायऑक्साइड अत्यल्प. फळाभोवतीची हवा बदलली तर ते पिकण्याचा वेग बदलतो, हे फ्रान्समधील माँपेलिए येथील बेरार या शास्त्रज्ञाने १८२१ साली दाखविले. पुढे इंग्लंडात किड आणि वेस्ट यांनी सफरचंदांच्या वखारींतील हवा मोजून-मापून बदलली आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यातून शीतगृहांचे एक नवे शास्त्रच उभे राहिले. चिरलेल्या भाजीचे पाकीट ही त्या वखारीची इवलीशी आवृत्ती. बंद पिशवीत भाजी श्वास घेते, ऑक्सिजन कमी होतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो. पिशवीच्या कागदातून थोडा ऑक्सिजन आत झिरपतो, थोडा कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो. दोन्ही प्रवाह जुळले की आतील हवा एका ठिकाणी स्थिरावते. बहुतेक भाज्यांना ३ ते ५ टक्के ऑक्सिजन आणि ५ ते १० टक्के कार्बन डायऑक्साइड मानवतो. एवढ्या हवेत भाजी जगते, पण हळू जगते, जणू अर्ध्या झोपेत.

ऑक्सिजन एक-दोन टक्क्यांच्याही खाली गेला की झोप मोडते. भाजी श्वासाऐवजी आंबण्याचा मार्ग धरते. पिशवी उघडताच दारूसारखा आंबूस दर्प येतो. व्हॅक्यूम मशीन भाजीला नेमके याच टोकाकडे ढकलते. पॉलिस्टर किंवा नायलॉनचा थर असलेली जाड, चकचकीत पिशवी वेफर्सना उत्तम, कारण ती हवा आत-बाहेर जाऊ देत नाही. पालकाला ती त्याच कारणासाठी घातक. साधी पातळ पॉलिथिन बरीच उदार. तिच्यातून कार्बन डायऑक्साइड तर ऑक्सिजनच्या तीन ते पाच पट वेगाने निघून जातो. मटारासारख्या धापा टाकणाऱ्या भाजीला तीही पुरत नाही. तिच्यासाठी केसाच्या जाडीची बारीक छिद्रे पाडलेली फिल्म मिळते. पाण्याचे थेंब न धरणारी फिल्मही मिळते आणि ती थोडी महाग असली तरी घेण्यासारखी आहे, कारण पिशवीच्या आत धुके धरले की गिऱ्हाईक माल मागे ठेवते, आणि ते चुकतही नाही: जेथे थेंब साचतो तेथूनच भाजी सडू लागते.

येथपर्यंतची माहिती फिल्म विकणारा दलालही देतो. तो जे सांगत नाही ते असे. तापमान १० अंशांनी वाढले की भाजीचा श्वसनवेग दुप्पट ते तिप्पट होतो. फिल्ममधून झिरपणाऱ्या हवेचा वेगही वाढतो, परंतु त्या मानाने फारच थोडा. म्हणजे ५ अंशांवर ज्या पाकिटात जमा आणि खर्च अचूक जुळलेले असतात, तेच पाकीट ३५ अंशांच्या दुकानात ठेवले की भाजी मागते तेवढा ऑक्सिजन कागद पुरवू शकत नाही. काही तासांतच आतला प्राणवायू संपतो. उघड्या टोपलीतील भाजी उन्हाळ्यात फक्त सुकते; बंद पाकिटातील भाजी गुदमरते. थंडाव्याशिवाय पाकीट हे रक्षण नसून उलट नाशाची घाई आहे, आणि पवनारसारख्या गावी, जेथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेथे ही गोष्ट धंदा सुरू करण्यापूर्वीच कळलेली बरी.

व्याजाचा हिशेब ज्यांच्या रक्तात आहे त्यांना हे गणित सोपे जाईल. ५ अंश आणि ३५ अंश यांत १० अंशांचे तीन टप्पे आहेत. प्रत्येक टप्प्याला दुप्पट धरले तर २ गुणिले २ गुणिले २, म्हणजे ८ पट. तिप्पट धरले तर २७ पट. टेम्पोत, दुकानाच्या फळीवर किंवा सावलीत म्हणून ठेवलेल्या क्रेटमध्ये गेलेला एक तास हा शीतपेटीतील निदान आठ तासांएवढा महाग पडतो. असे चार तास गेले तर सव्वा दिवसाहून अधिक आयुष्य संपले, आणि पाकिटावर छापलेली तारीख मात्र तशीच राहिली.

तारखेचाच विचार करावयाचा तर जुनी घरे आधुनिक लेबलापेक्षा शहाणी म्हणावी लागतील. दिगंबर परंपरेत शोधाच्या स्वयंपाकासाठी दळलेल्या पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३ दिवसांची मानतात. पदार्थ एकच, पण मर्यादा ऋतूनुसार निराळी. ओल आणि उष्णता यांचा अन्नावर होणारा परिणाम ज्यांनी पाहिला होता, त्यांनीच हे आकडे ठरविले असणार. याउलट ‘५ दिवसांत वापरा’ असे वर्षभर एकच वाक्य छापणारे पाकीट अर्धवट बोलते. ‘५ अंशांखाली ठेवल्यास ५ दिवस’ हे पूर्ण वाक्य झाले. ज्या विक्रेत्याजवळ ५ अंश राखण्याची सोय नाही, त्याने दिवसांचा उल्लेखच न करता ‘आज चिरलेली, आज शिजवा’ असे लिहावे. गिऱ्हाईक त्याला अधिक मानेल.

मग काम कोठून सुरू करावे? पाकिटापासून नव्हे, शेतापासून. भाजी पहाटे खुडली तर ती रात्रीच्या गारव्यासह हाती येते. दुपारी खुडलेल्या भाजीच्या अंगात शेताचे ऊन भरलेले असते आणि ते काढण्यासाठी वीज खर्चावी लागते. शेताच्या बांधावर वीज नसेल तर दिल्लीच्या पुसा संस्थेत १९८० च्या दशकात विकसित झालेली शून्य ऊर्जा शीतकक्षाची रीत उपयोगी पडते. विटांच्या दोन भिंती, मधल्या फटीत वाळू, त्या वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी, वर गवताची किंवा गोणपाटाची झाकण. बाष्पीभवनाने आत बाहेरपेक्षा १० ते १५ अंशांनी गार राहते आणि हवेत ओल ९० टक्क्यांच्या आसपास असते. माठाचेच हे तत्त्व. कोरडा उन्हाळा जितका कडक, तितका हा कक्ष चांगला चालतो, म्हणून विदर्भाला तो विशेष मानवतो. पावसाळ्यात त्याचा उपयोग नाममात्र. मात्र येथे अखंड भाजीच ठेवावी. चिरलेल्या फोडींना लागणारा ५ अंशांचा गारवा विटा-वाळूतून मिळत नाही. त्यासाठी विजेवरची शीतखोली किंवा निदान फ्रीज हवाच.

चिरण्याच्या जागी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे पात्याची धार. बोथट सुरी कापत नाही, चेंगरते. चेंगरलेल्या कडेवर रस अधिक सुटतो आणि काळेपणा लवकर येतो. लोखंडी विळी घरात कितीही गुणी असली तरी तिच्या लोखंडाने वांगे, कच्चे केळे, कमळकाकडी यांच्या फोडींना डाग पडतो. येथे स्टेनलेस स्टीलचेच पाते हवे. भाजी चिरण्याआधी एकदा आणि चिरल्यानंतर पुन्हा थंड पाण्याने धुवावी. दुसऱ्या धुण्याच्या पाण्यात खाद्यप्रतीचे सोडियम हायपोक्लोराइट ५० ते २०० पीपीएम या प्रमाणात घालतात आणि पाण्याचा सामू ६.५ ते ७.५ च्या दरम्यान ठेवतात, कारण त्याहून अल्कधर्मी पाण्यात क्लोरीनची शक्ती उरत नाही. एक-दोन मिनिटे पुरेत; नंतर स्वच्छ पाण्याने खळबळून घ्यावे. क्लोरीनकडून फार अपेक्षा मात्र ठेवू नये. पानाच्या सुरकुतीत शिरलेला जंतू त्याने मरेलच असे नाही. त्याचे खरे काम एका घाणेरड्या जुडीतील जंतू धुण्याच्या पाण्यातून उरलेल्या नव्याण्णव जुड्यांत पसरू न देण्याचे आहे. पाणी मातीने गढूळ झाले की क्लोरीन त्या मातीतच संपून जातो. म्हणून पाणी बदलत राहणे हाही खर्चाचा भाग धरावा.

धुण्यानंतर सुकवणे. घरगुती अनुभव येथे अगदी बरोबर आहे: भेंडी धुऊन, पुसून, मगच चिरावी. कारखान्यात फिरत्या जाळीच्या यंत्राने पाणी झटकतात. पृष्ठभागावर पाण्याचा थर राहिला तर पाकिटाची किंमत कितीही असो, भाजी तिसऱ्या दिवशी बुळबुळीत होते. सांबार आणि मेथी यांचा तर यात पहिला बळी जातो. उन्हाळी भाज्यांबद्दल एक शंका नेहमी निघते: भेंडी, वांगे, काकडी यांना फार थंडीने इजा होते, मग त्या ५ अंशांवर कशा ठेवाव्यात? अखंड भाजीला ते लागू आहे. चिरलेल्या फोडींचे आयुष्यच एवढे थोडे, की थंडीची इजा दिसण्याआधी त्या शिजून गेलेल्या असतात.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात निवडून चिरलेल्या भाज्यांवर गॅमा किरणांचा मारा करून त्यांचा टिकाऊपणा वाढविण्याचे प्रयोग झाले आहेत. त्यांचेही फलित थंडाव्याची जोड असेल तरच मिळते आणि किरणांचे केंद्र प्रत्येक तालुक्यात असणे शक्य नाही. लहान व्यापाऱ्याने सध्या त्यात लक्ष घालण्याचे कारण दिसत नाही.

नासाडी हा पैशाचा प्रश्न झाला. याहून गंभीर बाजू खाणाऱ्याच्या प्रकृतीची आहे. अमेरिकेत २००६ साली पाकिटबंद कोवळ्या पालकातून ई. कोलाय जंतूचा एक घातक प्रकार पसरला, सुमारे २०० माणसे आजारी पडली आणि काहींचा मृत्यू झाला. जंतू शेताच्या परिसरातून आला होता. धुण्याने तो गेला नाही, आणि कारखान्यात अनेक शेतांचा पाला एकत्र होत असल्याने दूरदूरच्या राज्यांत पोहोचला. त्याआधी १९८७ साली फ्लोरिडात बोट्युलिझम या विषबाधेचा संबंध बदललेल्या हवेत पाकिटबंद केलेल्या, बारीक चिरलेल्या कोबीशी जोडला गेला होता. ऑक्सिजन नसलेल्या उबदार पाकिटात हा जंतू वाढू शकतो आणि भाजी दिसायला ठीक असतानाच विष तयार होऊ शकते. लिस्टेरिया नावाचा तिसरा जंतू तर फ्रीजमध्येही सावकाश वाढतो. गर्भवती स्त्रिया आणि वृद्ध यांना त्याचा धोका विशेष. शिजवून खावयाच्या भाजीत यांपैकी पुष्कळसा धोका चुलीवर संपतो. म्हणून नवख्या विक्रेत्याने कोशिंबिरीची, कच्ची खावयाची पाकिटे प्रारंभी घेऊच नयेत. दुधी, गवार, फुलकोबी, मटार, तोंडली यांच्यापासून सुरुवात करावी. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ याखाली नोंदणी किंवा परवाना लागतो, तो घेणे हा भाग औपचारिक झाला. दररोज शीतपेटीचे तापमान वहीत टिपणे आणि पाण्याची तपासणी वेळोवेळी करून घेणे हा खरा परवाना. विचारपूस करायला फार दूर जावे लागत नाही. ग्रामीण उद्योगांसाठीची महात्मा गांधी संस्था वर्ध्यातच मगनवाडीत आहे आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ विदर्भासाठीच आहे.

भाजी चिरावी कोठे, या प्रश्नावर तरुण व्यापाऱ्यांचे आणि वडीलधाऱ्यांचे एकमत होत नाही. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातूनच जातो. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग २०२५ च्या जूनमध्ये संपूर्ण खुला झाल्यावर पवनारच्या परिसरात चिरलेली भाजी रातोरात मुंबईला पाठवण्याचे स्वप्न स्वाभाविक आहे. परंतु मुंबईकडे नीट पाहिले तर उत्तर उलट दिसते. तेथील उपनगरी स्थानकांबाहेर निवडलेल्या, चिरलेल्या भाजीची पाकिटे कित्येक वर्षे विकली जात आहेत. संध्याकाळच्या लोकलमध्ये बायका भाजी निवडताना, शेंगा सोलताना दिसतात, तोही त्याच गरजेचा आविष्कार. ती पाकिटे साध्या पिशवीतली, बर्फ नाही, फिल्मचे शास्त्र नाही. तरीही तो धंदा चालतो, कारण सुरी लागल्यापासून फोडणी पडेपर्यंत तीन-चार तासच जातात. टिकवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे टिकवण्याची गरजच कमी करणे. लांबचा प्रवास भाजीने अखंड करावा, सुरी खाणाऱ्याच्या गावात लागावी. पवनार परिसरातील भाजी चिरायची तर वर्ध्यासाठी आणि सकाळी लवकर निघता आले तर नागपूरसाठी. मोठ्या कंपन्या शीतवाहनांची अखंड साखळी उभारून शेकडो किलोमीटरवर चिरलेला माल पोहोचवतात हे खरे. त्या साखळीतील एक दुवा, एखादा बंद पडलेला कॉम्प्रेसर, संपूर्ण गाडी बुडवतो, आणि तो तोटा पचवण्याची त्यांची ताकद लहान पेढीजवळ नसते.

जैन गिऱ्हाइकासाठी माल तयार करणाऱ्याला आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. ज्या टेबलावर, ज्या पात्याने, ज्या धुण्याच्या टाकीत कांदा, लसूण, बटाटा, गाजर यांचे काम होते, तेथे या घरांसाठीचा माल होता कामा नये. ‘कंदमूळविरहित’ असे छापणे सोपे आहे, परंतु एकाच टाकीतील पाणी दोन्हीकडे फिरले तर ते छापणे खोटे ठरते. शक्य असेल तर अशा कारखान्यात कंदमूळ आणूच नये. दुसरी गोष्ट पंचांगाची. अष्टमी, चतुर्दशी अशा तिथींना हिरवी भाजी अनेक घरांत शिजत नाही. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य मानणारी घरे तर पुष्कळच. बाजारभाव पाहून माल उचलणाऱ्याने तिथी पाहिली नाही तर त्या दिवशीची पाकिटे परत येतात, आणि चिरलेला माल दुसऱ्या दिवशीवर ढकलता येत नाही.

परंतु याच पंचांगात या धंद्याची खरी सोय दडलेली आहे. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो. त्यानंतरच दिवस लहान होतात, सूर्यास्तापूर्वीच्या स्वयंपाकाची तारांबळ वाढते, मटार, फुलकोबी, वाल, मेथी बाजारात भरपूर येतात आणि विदर्भातील रात्री गार पडतात. गरज, माल आणि थंडावा हे तिघे एकत्र येण्याचे हे तीन महिने. ज्यांना हात घालून पाहायचा आहे त्यांनी मार्गशीर्षात प्रारंभ करून फाल्गुनात हिशेब मांडावा. वैशाखात मुहूर्त करणाऱ्याला फिल्म, यंत्र आणि वीज यांचा खर्च एकदम भोगावा लागतो.

घरात स्वतः भाजी चिरून ठेवणाऱ्यांनाही यातून थोडे घेण्यासारखे आहे. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा म्हणजे हवा मुळीच न झिरपणारे पाकीट. त्यात भाजी गच्च भरून दोन दिवस न उघडणे बरे नाही. अर्धा-पाऊण डबा भरावा, तळाशी कोरडे सुती कापड घालावे आणि दिवसातून एकदा झाकण काढून घ्यावे. कापड ओले झाले की बदलावे. मेथी, पालक निवडून ठेवावेत, पण धुऊ नयेत. चिरायचेही ऐन वेळी. पिकलेली केळी, आंबे, टमाटर यांतून एथिलीन वायू निघतो आणि शेजारची हिरवी भाजी पिवळी पडते, म्हणून त्यांची सोबत टाळावी. फ्रीजच्या दारातले कप्पे सर्वांत उबदार असतात. चिरलेली भाजी तेथे न ठेवता आतल्या फळीवर ठेवावी.

शेवटी वजनाचा हिशेब. मटाराच्या शेंगेत सुमारे निम्मे वजन टरफलाचे असते, फुलकोबीतही पाने आणि दांडा बरेच वजन खातात. चाळीस रुपये किलोने घेतलेल्या शेंगांचे दाणे ऐंशीला पडले, त्यावर मजुरी, पाणी, बर्फ, वीज, पिशवी आणि परत आलेला माल. हा आकडा पाहून पुष्कळांना गिऱ्हाइकाची कीव येते आणि भाव कमी ठेवला जातो, आणि मग तोटा भरून काढायला थंडाव्यातच कसर केली जाते. भाव पुरता घ्यावा आणि बर्फ पुरता घालावा. उरलेली टरफले, पाने आणि देठ त्याच सकाळी पांजरपोळात किंवा गोशाळेत पोहोचवता येतात. मटाराची टरफले गुरे आवडीने खातात. कोबीवर्गाची पाने मात्र एकदम पुष्कळ घातली तर गुरांचे पोट फुगते, म्हणून ती कोरड्या वैरणीत मिसळून थोडी थोडी द्यावी लागतात. आणि पोत्यात भरताना जुड्यांची रबरबँडे, सुतळ्या व प्लास्टिकचे तुकडे वेगळे काढण्यासाठी एक माणूस ठेवावा. त्याची मजुरीही भाजीच्याच खात्यात धरावी.